माक शूचा परवाना

साहेब, तोंडीलावण्याला तुम्ही अन्न मानत नाही. हा माझा तुमच्यावरचा पहिला आरोप आहे आणि तो मी तोंडावर करतो आहे. तुमचं नाव लिहीत नाही, कारण परगण्याच्या आरोग्य कचेरीत काचेमागे बसणाऱ्या माणसाला नाव नसतं, नुसती खुर्ची असते. लुइझियानात जन्म काढायचा, इथलं मीठ खायचं, आणि वर समोरच्याला विचारायचं की ‘माक शू हा पदार्थ आहे का?’ असल्या खुर्चीच्या हाती आमच्या ताटाचा निकाल कुणी दिला?

कोवळा मका, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि नाकाला धार लावील इतकं लाल तिखट. एवढीच भाजी. ताटात ती माशाच्या कडेला बसते, पण जेवून उठलेला माणूस माशाबद्दल कधी बोलत नाही, माक शूबद्दल बोलतो. टोमॅटो घालावा की नाही, यावरून आमच्या कोतो ब्लू गावात ठरलेली लग्नं मोडली आहेत. त्या टोमॅटोचं तुम्हाला काही नाही. तुम्हाला फक्त रकाना हवा.

गोष्ट गेल्या जुलैची. दर जुलैत आमच्या चर्चची पंगत होते, आणि तिथली माक शू दरवर्षी तांत ओझीत सिमिएन घरून करून आणतात. तांत म्हणजे मावशी. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत, म्हणून सगळ्या गावाच्या आहेत. जन्मभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यासमोर आजही माणसं शर्ट आत खोचतात. तर गेल्या जूनमध्ये तांत अंजिराच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून पडल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. ‘त्र्याऐंशीव्या वर्षी शिडीवर कशाला चढलात?’ असं डॉक्टरने विचारलं, तर म्हणाल्या, ‘अंजीर खाली यायला तयार नव्हतं.’

सोमवारी चर्चच्या समितीची सभा भरली. अध्यक्ष पर्सी दोनातो. हा माझा शेजारी. याची विम्याची एजन्सी आहे, त्यामुळे याला बाळाचं बारसं सांगितलं तरी आधी आग, चोरी आणि पूर दिसतो.

‘हे बघा,’ पर्सी म्हणाला, ‘तांतचा हात मोडलाय. त्यात यंदापासून नवा नियम, घरी शिजवलेलं पंगतीत वाढायचं नाही. लाफायेतचा केटरर मासे सोडून बाकी सगळं करायला तयार आहे. मका टीनचा. एकदा करार केला की दरवर्षीची कटकट मिटली.’

तांत मागच्या रांगेत बसल्या होत्या. प्लास्टरचा हात मांडीवर. साहेब, ज्या बाईने गव्हर्नरला भर समारंभात ‘खिशातून हात काढ’ म्हणून सांगितलं होतं, ती बाई टीनच्या मक्याचं नाव ऐकून गप्प बसली. मला ते बघवलं नाही. मी उभा राहिलो.

‘टीनचा मका वाढणार? त्यापेक्षा पंगतीऐवजी उपास जाहीर करा!’

‘बरं ओव्हिद, मग करणार कोण? तू?’

‘हो! मी!’

शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, वर्लीनने, माझा शर्ट इतक्या जोरात ओढला की दोन बटणं शहीद झाली. मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा माणूस. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे हा माझा प्रांत. घरी मी अंडं उकडायला ठेवलं तर वर्लीन आग विझवणाऱ्यांचा नंबर जवळ घेऊन बसते.

‘ठीक,’ पर्सी म्हणाला. ‘शनिवारी पाचच्या घंटेला माक शू टेबलावर असली तर तांतचं भांडं पंगतीत कायम. नसली तर केटरर कायम. मंजूर?’

सगळ्यांनी हात वर केले. तांतनी डावा केला.

बुधवारी मी तुमच्या खिडकीशी आलो. आत बर्फ चावत एक बाई बसल्या होत्या.

‘मुख्य पदार्थ?’

‘माक शू.’

‘ते तोंडीलावणं आहे. तोंडीलावण्याला वेगळा परवाना नाही. कशाबरोबरचं तोंडीलावणं?’

‘कशाहीबरोबरचं. माशाबरोबर, भाजलेल्या डुकराबरोबर, नवराबायकोच्या भांडणाबरोबर.’

‘कशाहीबरोबर असा रकाना नाही. माशांबरोबर असेल तर माशांच्या परवान्यात घाला.’

‘तो पर्सीच्या मंडळींनी आधीच काढलाय.’

‘मग त्यात आता भर घालता येत नाही.’

‘मग भात लिहा,’ मी वैतागून म्हटलं. ‘भाताबरोबरची माक शू.’

‘भात चालेल,’ बाई म्हणाल्या. ‘भात पदार्थ आहे.’

ऐकलंत साहेब? पाण्यात उकडलेला पांढरा भात तुमच्या लेखी पदार्थ. तो माझ्या गळ्यात नव्यानेच पडला. एका भाजीसाठी गेलेला माणूस आता भातालाही बांधला गेला. पुढे ऐका. बाईंनी विचारलं, भांडं कसलं? मी म्हटलं, तांतच्या आईच्या लग्नातलं, जाड ओतीव ॲल्युमिनियमचं. लोखंडात मका काळा पडतो, स्टीलमध्ये तळाला धरतो, म्हणून आमच्याकडे मक्याला तेच. ‘खड्डे पडलेत का?’ मी म्हटलं, ‘इतक्या वर्षांत माणसालाही पडतात.’ बाईंनी बर्फाचा खडा कडकन फोडला. ‘स्टेनलेस स्टीलच हवं. आणि चर्चच्या आवारात, छपराखाली शिजवायचं.’

छप्पर! चर्चच्या हॉलचं स्वयंपाकघर वादळापासून बंद, आणि जुलैत गावातला एकूण एक तंबू कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला गेलेला. वर्लीनने फोन फिरवून शेवटी एक तंबू मिळवला. अंत्यविधी करणाऱ्या फ्रीलो मंडळींचा. हिरवागार, झालरीचा, आणि झालरीवर सोनेरी अक्षरं: ‘फ्रीलो आणि पुत्र. शांत निरोप.’

‘ती झालर आत दुमडता येणार नाही का?’ मी विचारलं.

‘शिवलेली आहे,’ वर्लीन म्हणाली. ‘तुझ्यासारखी नाही, जरा ओढलं की बटणं तुटायला.’

शनिवारी उजाडताच चर्चच्या ओकखाली तंबू उभा राहिला. माझा आतेभाऊ शेतातून नुकती तोडलेली कणसं गाडीभर घेऊन आला. मका तोडला की त्याच दिवशी शिजला पाहिजे, रात्र गेली की गोडी गेली. तांत खुर्चीत बसल्या, प्लास्टरचा हात उशीवर, डाव्या हातात लाकडी डाव. कणसांच्या ढिगाऱ्यामागे त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

‘शा,’ त्या म्हणाल्या. लाडात असल्या की त्या सगळ्यांना शा म्हणतात, आणि लाडानंतर नेहमी फटका येतो. ‘शा, तू मका कापतोयस की फळी? आधी दाण्यांची नुसती टोकं उडव. मग सुरीची पाठ घेऊन रिकामं कणीस वरून खाली ओढ. दूध निघतं ते. माक शू त्या दुधात शिजते. पाणी घालशील तर मी उठून जाईन.’

मी सुरीची पाठ ओढली. दूध निघालं आणि थेट माझ्या चष्म्यावर आलं. दुसऱ्या कणसाचं कानात गेलं. आतेभाऊ जाण्याआधी म्हणाला, ‘ओव्हिद, भांडं खाली ठेवायचं असतं, डोक्यावर नाही.’ माझा अपमान करायला आमच्या घराण्यात कधी माणसं कमी पडली नाहीत. पण साहेब, तांतनी एकदा डाव्या हाताने एक कणीस करून दाखवलं. मोडक्या हाताच्या बाजूला कणीस कोपराने दाबलं, आणि सुरीच्या तीन ओढीत ते असं कोरडं केलं की खारीने तोंड फिरवावं. बघतच राहिलो मी.

आणि तेवढ्यात पहिली गाडी थांबली.

ल्युशियस उतरला. ट्रक चालवतो, दारात मावत नाही एवढा माणूस. छातीशी टोपी धरलेली, दुसऱ्या हातात बायकोने भाजलेला केक. आमच्याकडे मयताच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत. आणि शिडीवरून पडल्यापासून तांत कुणाला रस्त्यावर दिसल्या नव्हत्या. आता चर्चसमोर फ्रीलोंचा तंबू दिसल्यावर माणूस काय समजणार?

‘ओव्हिद,’ त्याचा आवाज फाटला होता, ‘कळलंच नाही रे. कधी झालं? मला शाळेने काढून टाकलं होतं. या बाईने रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसवून मला वाचायला शिकवलं. मी रस्त्यावरच्या पाट्या वाचतो ना, त्या तिच्या आवाजात ऐकू येतात मला.’

कणसांच्या ढिगामागून आवाज आला. ‘आणि अजून ओठ हलवूनच वाचतोस, ल्युशियस. बस खाली. सालं काढ.’

ल्युशियसचा केक खाली पडला. मग तो बसला. टोपी डोक्यावर घातली, परत काढली, आणि रडत रडत कणसं सोलायला लागला.

त्याच्यामागून रांगच लागली. बीन्सची पातेली, भाजलेली रताळी, तीन प्रकारची पुडिंगं, एक अख्खं हॅम. प्रत्येक जण डोळे पुसत यायचा, तांतबद्दल एक गोष्ट सांगायचा, आणि ढिगामागून उत्तर आलं की किंचाळून मागे सरायचा. पोस्टमास्तर म्हणाला, त्याच्या आईच्या आजारपणात त्यांनी वर्षभर त्याला डबा दिला. ‘दोन डबे अजून परत आले नाहीत,’ ढिगातून आवाज. फादर आले ते अंत्यसंस्काराचा झगा घालूनच आले. तांत म्हणाल्या, ‘फादर, तुम्ही आलाच आहात तर केस काढा. मक्याचे.’

माणूस मेल्यावर गाव जे बोलतं, ते त्याला कधीच ऐकायला मिळत नाही. ही बाई सकाळभर ते ऐकत होती. चेहऱ्यावर रेष हलली नाही. फक्त मधूनच चष्मा काढून पुसायची, आणि तिच्याकडे तर मक्याचं दूध उडत नव्हतं.

दुपारपर्यंत अर्धं गाव कणसं सोलत होतं. आलेला एकही शोकाकुल माणूस परत गेला नाही. स्टीलच्या पातेल्यात मका तळाला धरतो, म्हणून ढवळणाऱ्यांची पाळी लावली. बायका चरबी की लोणी यावर हमरीतुमरीवर आल्या. मिस जेनेवा, आमच्या मागच्या गल्लीतल्या, तावातावाने म्हणाल्या, ‘माझी आई साखर घालायची चिमूटभर.’ तांत म्हणाल्या, ‘तुझी आई साखरच घालायची, जेनेवा. चवीला काही नसेल तर घालावी लागते.’

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. दुसऱ्याच्या भांड्यावरचं झाकण उचलल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. आणि उचललं की वाटतं, तिखट कमी आहे. स्वतःच्या आईच्या हाताएवढं तिखट जगात कुणाचंच नसतं. मिस जेनेवांनी चिमूट टाकली. ल्युशियसने टाकली. पोस्टमास्तरने टाकली. फादर नायजेरियाचे, त्यांनी मूठ टाकली आणि म्हणाले, ‘आता जरा खाण्यासारखं झालं.’ चार वाजता मी डाव तोंडाला लावला. साहेब, मला माझ्या सासूबाई दिसल्या, आणि त्या वारून बारा वर्षं झाली आहेत.

‘मका वाढवा,’ तांत म्हणाल्या. ‘तिखटाला मक्याशिवाय औषध नाही.’

मका संपला होता. शेत तासभर लांब. पाचची घंटा समोर. मी खुर्चीत बसलो आणि केटररचा विचार करायला लागलो. तांत सोमवारी बसल्या होत्या तशाच बसल्या.

पर्सी मासे तळत होता. त्याने झारा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि गाडी घेऊन निघून गेला. परत आला तेव्हा मागची सीट कणसांनी भरलेली होती. घराच्या मागे तो मक्याचं एक छोटंसं वावर करतो. परगण्याच्या जत्रेत बक्षिसासाठी ठेवलेला मका तो. विमासुद्धा उतरवलाय त्याचा.

‘पर्सी,’ मी म्हटलं, ‘टीनचा मका?’

‘गप्प सोल,’ तो म्हणाला. आणि कोट काढून तांतच्या पायाशी बसला. पाच मिनिटांत त्याच्या मिशीवर मक्याचं दूध होतं.

एका पातेल्याची तीन पातेली झाली. भाताचं चौथं, तेही कुणी तरी शिजवलं. आणि नेमका त्याच वेळी तुमचा माणूस आला, साहेब. परगण्याच्या दुसऱ्या टोकाचा, कंबरेला थर्मामीटर. त्याने भात तपासला, माक शू तपासली, खूण केली. मग नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. केक, हॅम, पुडिंगं.

‘हे सगळं घरून आलंय. परवाना भात आणि भाजीचा. हे असं असेल तर मला पंगतच बंद करावी लागेल.’

‘मयताचं आहे ते,’ मिस जेनेवांनी ठणकावलं. सकाळी आणलं तेव्हा ते मयताचंच होतं, त्यामुळे त्या खोटं बोलत नव्हत्या.

माणसाने झालरीकडे बघितलं. टोपी काढली. ‘माफ करा. मयताच्या जेवणाला आमचा नियम लागत नाही. कोण गेलं?’

फादरना एकदम घंटेची दोरी तपासायची आठवण झाली आणि ते झपाझप निघून गेले. मी तोंड उघडलं, त्यातून नुसतं तिखट बाहेर आलं.

‘ओझीत सिमिएन,’ तांत म्हणाल्या.

‘तुमच्या कोण लागत होत्या?’

‘फार जवळची होती.’

‘आजारी होत्या?’

‘छे. आज दुपारपर्यंत मका सोलत होती.’

त्याने नाव लिहून घेतलं. तांतचा चांगला हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, ‘धीर धरा.’ त्या म्हणाल्या, ‘धरलाय. तू जेवून जा. तिला उपाशी माणूस परत गेलेला आवडत नसे.’

घंटा झाली तेव्हा माक शू टेबलावर होती. तुमच्या माणसाने दोनदा घेतली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. येणारे-जाणारे त्याच्या पाठीवर हात ठेवून जात होते, किती हळवा आहे बिचारा. जाताना पातेल्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, ‘ही कुणाच्या हातची?’ पर्सी म्हणाला, ‘गेलेल्या बाईंच्या.’ आणि पातेल्यात काही उरलं का, हे बघायला पर्सी वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

त्या दिवशी मी काय शिजवलं, हे मला विचारू नका. मी चष्मा पुसला. शिजवली ती गावाने, आणि गावाला शिजवायला लावलं एका प्लास्टर घातलेल्या बाईने, जिने कुणाला बोलावलं नव्हतं, सगळे आपणहून तिला पोचवायला आले होते. असं माणूस मी दुसरं बघितलं नाही. केटररचं नाव परत कुणी काढलं नाही.

इथे संपलं असतं. पण तुम्ही आहात ना.

यंदा तांतचा हात बरा झाला. त्या म्हणाल्या, ‘शा, तुझ्या हातून पुन्हा नको. माझा परवाना मी काढते.’ रविवारी चर्चला घालायची टोपी घालून, मोजे घालून, त्या स्वतः तुमच्या खिडकीशी आल्या. मी मागे उभा होतो. त्याच बर्फवाल्या बाई. नाव घातलं, बटण दाबलं.

‘ओझीत सिमिएन वारल्यात,’ बाई म्हणाल्या. ‘गेल्या जुलैत. मृत व्यक्तीच्या नावे परवाना देता येत नाही.’

‘मी समोर उभी आहे.’

‘दिसतंय मला. पण इथे तशी नोंद आहे.’

तांतनी ओळखपत्र काढलं. बाई म्हणाल्या, ओळखपत्र खरं आहे, पण ज्यांचं आहे त्या गेल्या. जन्माचा दाखला दाखवला. बाई म्हणाल्या, जन्म झाला होता याबद्दल कचेरीला शंका नाही. फादरनी जिवंत असल्याचं लिहून दिलं. तेव्हा मागच्या खुर्चीतून तुम्ही म्हणालात, फादर मृत्यूनंतरचं जीवन मानतात, त्यांचं लिहिणं इथे धरता येत नाही. हे तुमचे स्वतःचे शब्द, साहेब. काचेमागून ऐकलेत मी.

परत येताना गाडीत तांत म्हणाल्या, ‘मी मेले असं मीच सांगितलं, तर लगेच टोपी काढली. पुरावा मागितला नाही. जिवंत आहे म्हटलं तर मागतात.’

शेतातल्या मक्याचे केस तपकिरी व्हायला लागले आहेत. तुमच्या सहीसाठी तो गोड राहून थांबणार नाही. म्हणून लोकांसमोर विचारतो. ज्या बाईच्या एका शब्दावर तुम्ही तिला मेलेली मानलंत, त्याच बाईच्या त्याच तोंडच्या शब्दावर तिला जिवंत का मानत नाही? बर्फ चघळू नका. उत्तर द्या.